वेगाचा आखाडा

"अरे, तू मामा आहेस त्याचा. तू तरी चार शब्द सांग!"

ताईचा आवाज रडवेला झाला होता. झाले होते असे. आमच्या भाचेबुवांनी इंजिनियरची नोकरी लागल्याबरोबर हप्त्यांवर एक भलीथोरली मोटारसायकल घेतली, आणि आता ती घेऊन ते चेन्नईजवळच्या शर्यतीच्या ट्रॅकवर दोन दिवस चालवायला निघाले होते. आमच्या घराण्यात हा नाद कुणालाच नव्हता. आजोबांनी आयुष्यभर सायकल चालवली, वडिलांनी स्कूटर, आणि मीही वडिलांच्याच वेगाने कॉलेजात जातो-येतो.

चार शब्द सांगणे हा माझा धंदाच आहे. मी भाच्याला बोलावून पाऊण तास बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, तू माझ्याबरोबर चल. आधी बघ, मग बोल. आईलाही तेवढाच धीर येईल."

येथे एक कबुली देऊन टाकतो. २०१९ सालच्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा विरोध करणाऱ्या पुणेकरांत मीही होतो. 'डोके आमचे, त्याची काळजीही आमचीच' अशा आशयाचे माझे एक खुसखुशीत पत्र वर्तमानपत्रात छापूनही आले होते. अशा माणसाला सुरक्षिततेचा उपदेशक म्हणून धाडण्यात ताईची थोडी चूकच झाली, पण हे त्या वेळी आम्हा दोघांच्याही ध्यानात आले नाही.

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टै नावाचे गाव आहे. कारखान्यांच्या गराड्यात तिथे ३.७ किलोमीटर लांबीचा आणि १२ वळणांचा हा ट्रॅक आहे. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती पूर्वी शोलावरम येथे, दुसऱ्या महायुद्धातल्या एका जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर होत. पुढे क्लबने हा ट्रॅक बांधला आणि १९९० साली तो सुरू झाला. कोइम्बतूरचा करी ट्रॅक आणि २०११ साली दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला झालेला बुद्ध ट्रॅक ही त्याची धाकटी भावंडे.

आम्ही गेलो होतो तो दिवस शर्यतीचा नव्हता, हे मला तिथे गेल्यावर कळले. अशा दिवशी पैसे भरून कुणीही आपली मोटारसायकल ट्रॅकवर आणावी आणि चालवायला शिकावे, एवढाच हेतू असतो. पहिला नंबर नाही, ढाल नाही, बक्षीस नाही. नवखे, मधले आणि तरबेज असे तीन गट पाडतात आणि प्रत्येक गटाला वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या मिळतात.

प्रथम एका छापील कागदावर सही करायची होती. जे काही होईल, मृत्यूसुद्धा, त्याची जबाबदारी माझी, असा त्याचा मथितार्थ. भाच्याने झरकन सही केली. माझ्या पोटात मात्र गोळा आला.

मग मोटारसायकलींची तपासणी. मला वाटले होते, इंजिन किती जोरात पळते ते पाहतील. पण तपासनीस पाहत होते ते भलतेच! आरसे काढले का? दिव्यांच्या काचांवर चिकटपट्ट्या लावल्या का, म्हणजे गाडी पडली तरी काच रस्त्यावर सांडायची नाही. इंजिन थंड ठेवणारे रंगीत द्रव काढून त्याजागी साधे शुद्ध पाणी भरले का? ते द्रव सांडले तर रस्ता निसरडा होतो, पाणी सांडले तर वाळून जाते. तेलाचा बोल्ट सैल होऊन गळू नये म्हणून तारेने जखडलेला दिसला की तपासनीस खूश!

मी भाच्याला म्हटले, "यातलं तुझ्या रक्षणासाठी काय आहे?"

"फारसं काही नाही," तो म्हणाला. "हे सगळं माझ्या मागून येणाऱ्यासाठी आहे."

हे उत्तर मी ऐकले, पण ते खरे समजायला दुपार उजाडावी लागली.

चालवणाऱ्याच्या स्वतःच्या रक्षणाची तयारी वेगळी. अंगभर कातड्याचा पोशाख, पाठीच्या कण्यावर कवच, मनगटाच्या वर जाणारे हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट आणि हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारे हेल्मेट. पट्टा दोन कड्यांतून ओवून बांधायचा, नुसती खुंटी अडकवून भागत नाही. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून कितीही धड दिसले तरी टाकून द्यायचे, कारण आतला थर धक्का एकदाच सोसतो.

हेल्मेट हातात घेऊन पाहताना मला आठवण झाली ती टी. ई. लॉरेन्सची. साहित्याच्या माणसाला ठाऊक असलेला मोटारसायकलस्वार तो एकच! १९३५ सालच्या मे महिन्यात, इंग्लंडमधल्या आपल्या घराजवळच्या रस्त्यावर सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो पडला, डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी गेला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. लष्करी निरोपे मोटारसायकलवरून पडून कसे मरतात याचा पुढे त्यांनी अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटचे महत्त्व सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये सर्व स्वारांना हेल्मेटची सक्ती झाली ती १९७३ साली. आपल्याकडच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही तसे कलम आहे. वाळवंटातल्या त्या बंडखोराचे चरित्र मी कौतुकाने वाचले होते, पण त्याच्या मरणातून निघालेला हा धागा मला माहीत नव्हता. पत्र मात्र मी मोठ्या तोऱ्यात लिहिले होते!

सकाळी आठ वाजता सगळ्यांना झाडाखाली बसवून मुख्य शिक्षकांनी नियम सांगितले. पन्नाशीचे सावळे गृहस्थ, आवाज खणखणीत. आमच्या कोल्हापूरकडच्या तालमीतले वस्तादच जणू! आखाड्यात उतरणारा पोरगा आधी तांबड्या मातीला हात लावतो, जोडीदाराचा हात मोडेल असा डाव सरावात टाकत नाही. येथलेही शास्त्र तेच.

निशाणे त्यांनी पाठ करून घेतली. पिवळे दिसले की पुढे धोका आहे, वेग कमी करा आणि कुणाला ओलांडू नका. पिवळ्यावर तांबडे पट्टे असतील तर रस्ता निसरडा आहे. काळे तुमच्याकडे दाखवले तर मुकाट्याने परत या. लाल दिसले की पाळी थांबली, हात वर करून हळूहळू माघारी फिरा.

मग ओलांडण्याचा नियम. मला सर्वांत आवडला तो हाच. पुढच्याला ओलांडायचे असेल, तर सुखरूप ओलांडण्याची संपूर्ण जबाबदारी मागच्याची. पुढच्याने वळून पाहायचे नाही, बिचकून बाजूलाही व्हायचे नाही, आपल्या रेषेत सरळ जात राहायचे. नवख्यांच्या गटात वळणावर ओलांडायला तर बंदीच. आपल्या लक्ष्मी रस्त्यावर याच्या अगदी उलट चालते. मागचा भोंगा वाजवतो आणि पुढच्याने जीव वाचवायचा!

"ताशी १०० किलोमीटर वेगात एका सेकंदाला तुम्ही जवळजवळ २८ मीटर जाता," वस्ताद म्हणाले. मी मनातल्या मनात मोजले. एखादा लांबलचक वाडा दिंडीपासून परसापर्यंत ओलांडायला एक सेकंद! वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. "म्हणून पहिली फेरी सावकाश. टायर थंड असतात. आणि डोकं गरम असतं."

सकाळच्या दोन पाळ्या छान झाल्या. भाचा घामाघूम होऊन यायचा, पाणी प्यायचा आणि कुठल्या वळणावर काय चुकले ते सांगायचा. मलाही गोडी लागली. तिसऱ्या पाळीत मात्र एकदम लाल निशाणे फडकली. कुणाच्या तरी गाडीतून तेल गळले होते आणि मागून येणारी एक मुलगी त्यावरून घसरली होती. कातड्याच्या पोशाखामुळे खरचटलेसुद्धा नाही, पण मनगट सुजले. रुग्णवाहिकेत बसताना ती आपली पडलेली गाडी पाहत होती. पाऊण तास रस्ता पुसण्यात गेला. वाईट गोष्ट पुढेच आहे. ज्याचे तेल गळले त्याला ते आधीच्या पाळीपासून ठाऊक होते. तो कुणाला बोलला नव्हता.

दुपारी जेवण झाले. दोनच पाळ्या उरल्या होत्या. भाचा गाडीपाशी वाकून काही पाहत होता. मी गेलो. इंजिनखाली फरशीवर रुपयाएवढा काळा डाग होता.

त्याने बोटाने पुसला. पाच मिनिटांनी पुन्हा एक थेंब.

"किरकोळ आहे रे," शेजारचा एक जण म्हणाला. "वीस मिनिटांत काय होतंय?"

भाच्याने माझ्याकडे पाहिले. आणि वाचकहो, मी, त्याचा मामा, ताईने धाडलेला राखणदार, काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "एवढ्या लांब आलास, इतके पैसे भरलेस. सांभाळून जा. एका थेंबानं काय होणार?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, माझं काय व्हायचं ते होईल. त्याच्यावर सही केली आहे मी. पण मागून येणाऱ्यानं माझ्या तेलावर सही केलेली नाही."

तो स्वतः जाऊन वस्तादांना सांगून आला. बोल्टखालची चकती फाटली होती आणि नवी तिथे मिळाली नाही. उरलेल्या दोन्ही पाळ्या तो कठड्याला टेकून दुसऱ्यांच्या गाड्या पाहत उभा होता. पहिल्या पाळीत त्याचा चेहरा पडलेला होता, दुसऱ्यात तो इतरांची वळणे पाहून मान डोलवत होता. निघताना वस्तादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बोलले काही नाहीत.

परतीच्या गाडीत मला झोप आली नाही. 'जबाबदारी' हा शब्द मी वर्गात अनेकदा फोडून दाखवला आहे. मूळ शब्द 'जबाब', म्हणजे उत्तर. ज्याला उत्तर द्यावे लागते तो जबाबदार. पण उत्तर कुणाला द्यायचे, हे मी मुलांना कधी सांगितले नव्हते. सकाळचा तो छापील कागद संयोजकांपुरता होता. मागून येणाऱ्याला द्यायच्या उत्तराचा कागद कुणी छापत नाही.

'डोके आमचे' हे माझे वाक्यही मला तेव्हा टोचू लागले. डोके माझेच खरे. पण ते फुटले तर रस्त्यातून उचलणार कोण? दवाखान्याबाहेर रात्रभर बसणार कोण? ज्या रिक्षावाल्याच्या पुढ्यात मी पडेन, त्याने जन्मभर काय आठवत राहायचे?

घरी पोचल्यावर ताईने पहिला प्रश्न केला, "सांगितलंस ना त्याला?"

"सांगितलं," मी म्हणालो. "आणि त्यानं माझं ऐकलं नाही, हे फार बरं झालं."

ताईला काही उलगडा झाला नाही. भाचा हसला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात निघताना मी माळ्यावरून हेल्मेट काढले, धूळ झटकली आणि स्कूटरखाली वाकून तेलाचा डाग आहे का तेही पाहिले. शेजारच्या काकांनी कठड्यावरून विचारले, "काय प्रोफेसर, पक्ष बदललात वाटतं?"

पट्टा बांधत मी नुसती मान हलवली.