उज्जैनची पैज आणि लठ्ठपणाचे गणित

मध्य प्रदेशातील उज्जैन येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये रस्ते प्रकल्पांचा एक कार्यक्रम झाला. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी तेथे व्यासपीठावरूनच स्थानिक खासदार अनिल फिरोजिया यांना एक अट घातली. जितके किलो वजन घटवाल, तितके हजार कोटी रुपये मतदारसंघाच्या विकासासाठी देऊ, असे ते म्हणाले. आपले स्वतःचे वजन एकेकाळी १३५ किलो होते आणि ते ९३ किलोंवर आले, हेही गडकरींनी सांगितले. सभेत हशा पिकला. पण फिरोजिया यांनी ती थट्टा मनावर घेतली.

त्या वेळी त्यांचे वजन १२७ किलो होते. जूनपर्यंत सुमारे १५ किलो आणि ऑक्टोबरपर्यंत ३२ किलो वजन घटल्याचे त्यांनी जाहीर केले. त्याच सुमारास उज्जैनसाठी सुमारे २,३०० कोटी रुपयांची कामे मंजूर झाल्याचेही त्यांनी सांगितले. हिशोबाने ३२ हजार कोटी व्हायला हवे होते, अशी गंमत तेव्हा चांगलीच रंगली. मात्र वैद्यकीय दृष्टीने या पैजेतील महत्त्वाचा आकडा कोटींचा नव्हे, तर पहिल्या काही किलोंचा आहे.

लठ्ठपणातून उद्भवणारे धोके कमी करण्यासाठी शरीर सडपातळ व्हावेच लागते, असे नाही. मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के घट झाली, तरी रक्तदाब, रक्तातील साखर आणि चरबी यांत सुधारणा दिसू लागते. १२७ किलोंच्या व्यक्तीसाठी ही घट साधारण साडेसहा ते पावणेतेरा किलो होते. म्हणजे जूनमधील १५ किलोंच्या टप्प्यावरच हा उंबरठा ओलांडला गेला होता. ८० किलोंच्या व्यक्तीसाठी तर तो अवघ्या चार किलोंपासून सुरू होतो.

याला भक्कम आधार आहे. मधुमेहाच्या सीमारेषेवर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांचा अमेरिकेतील अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सात टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करणे, एवढेच उद्दिष्ट एका गटाला देण्यात आले होते. सुमारे तीन वर्षांत त्या गटातील मधुमेहाचे प्रमाण इतरांच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी कमी राहिले. औषध घेणाऱ्या गटात ही घट ३१ टक्के होती. गुडघ्यांचेही तसेच आहे. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

भारतीयांनी वजनाकाट्याइतकेच लक्ष मोजपट्टीकडे द्यायला हवे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपले ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्याशी स्वतःची तुलना मांडली होती. दोघांचाही शरीरभार निर्देशांक २२.३ इतकाच होता; पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळली. भारतीय शरीर दिसायला बारीक असूनही आत चरबी बाळगून असू शकते. ती पोटात, यकृताभोवती साठली की इन्शुलिनचा परिणाम मंदावतो आणि मधुमेह, हृदयविकार, यकृतातील चरबी यांची वाट मोकळी होते.

म्हणूनच आपल्याकडे निर्देशांक २३ झाला की वजन जास्त आणि २५ झाला की लठ्ठपणा मानला जातो. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी या मर्यादा अनुक्रमे सुमारे ६३ आणि ६८ किलो येतात. कमरेचा घेर पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे ही धोक्याची सूचना होय. हा घेर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यानंतर मोजावा.

गोमंतकीयांनी हे विशेष गांभीर्याने घेण्याचे कारण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. उज्जैनच्या सकाळी पोहे-जिलेबी आणि कचोरी, तर आपल्या सकाळी पाव-भाजी आणि मिरचीभजी. पदार्थ निराळे, पण मैदा, तेल आणि साखर तीच.

फिरोजिया यांनी तेव्हा सांगितलेल्या दिनक्रमात काहीही अद्भुत नव्हते. पहाटे साडेपाचला उठून चालणे, धावणे, व्यायाम व योगासने, हलकी न्याहारी, दोन्ही वेळच्या जेवणात कोशिंबीर, वाटीभर हिरवी भाजी आणि मिश्र धान्याची एक पोळी, मधल्या वेळेत गाजराचे सूप किंवा सुकामेवा. अर्थात इतके कमी जेवण सर्वांनाच मानवेल असे नाही. वजन वेगाने उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून डाळी, कडधान्ये, मासळी, अंडी यांतून पुरेशी प्रथिने घेणे आणि चालण्याला स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामाची जोड देणे आवश्यक ठरते. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कमी खाण्यावर तीच मात्रा चालू ठेवल्यास साखर वा रक्तदाब अचानक उतरण्याचा धोका असतो.

खरी कसोटी पैज जिंकल्यानंतर लागते. वजन घटले की शरीर त्याला तुटवडा समजते. भूक वाढवणारी संप्रेरके वाढतात, तृप्तीची कमी होतात, ऊर्जेचा खर्चही आवरला जातो. ही ओढ वर्षभरानंतरही टिकून राहिल्याचे अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे गेलेले वजन परतणे हा केवळ मनाचा दुबळेपणा नव्हे आणि लठ्ठ व्यक्तीची चेष्टा करणे हा उपायही नव्हे. काहींना औषधांची, तर काहींना शस्त्रक्रियेची गरज भासते. गडकरी यांनीही २०११ मध्ये अशी शस्त्रक्रिया करून घेतली होती. मात्र औषध थांबले की वजन पुन्हा वाढू शकते आणि शस्त्रक्रियेनंतरही आहाराची शिस्त सुटत नाही.

सामान्य माणसाच्या किलोमागे कोणी हजार कोटी लावणार नाही. मात्र त्याने घटवलेल्या चार-पाच किलोंच्या मोबदल्यात मधुमेह काही वर्षे लांबणीवर पडला, रक्तदाब आटोक्यात आला आणि जिना चढताना गुडघा कुरकुरला नाही, तर ती कमाई त्याच्या घरासाठी लहान नाही. त्यासाठी व्यासपीठ लागत नाही. घरातली मोजपट्टी पुरते.