गळाचा दोरा कुठे तुटावा?

तळ्याकाठी गळ टाकून बसलेल्या माणसाला येणारे-जाणारे एकच प्रश्न विचारतात, ‘काय लागलं का?’ पण गळ टाकणारी दोन माणसं एकमेकांना भेटली की विषय निघतो तो दोऱ्याचा. तंगूस बरा की विणलेला दोरा? शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत गेली दहा-पंधरा वर्षं हा वाद चांगलाच रंगतो आहे. मुंबई-ठाण्याहून रविवारी गाड्या घेऊन येणारे हौशी गळवाले आणि आमच्या पाड्यांवरची मुलं, दोघेही त्यात सामील आहेत. म्हणून म्हटलं, आज त्याबद्दलच बोलावं.

तंगूस म्हणजे नायलॉनचा एकसंध, पारदर्शक धागा. तो आपल्या ओळखीचा आहे. कोणाच्या घरात तो पडदा टांगायला असतो, कोणाच्या घरात मण्यांच्या माळेला. नायलॉन पहिल्यांदा तयार झालं ते १९३५ साली, अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत, वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली. त्याआधी गळाला सूत, ताग, रेशीम असं जे हाती येईल ते लावत. ते भिजून कुजायचं, रोज वाळत घालावं लागायचं. तंगूस आला आणि ही कटकट संपली.

दुसरा दोरा अलीकडचा. इंग्रजीत त्याला ब्रेड म्हणतात. (हा शब्द दुकानात जपून वापरावा, नाहीतर समोरच्या बेकरीकडे बोट दाखवतात.) वेणी घालावी तसे चार किंवा आठ पेड एकमेकांत विणून तो करतात. पेड कसले, तर पॉलिथिलीनचे. होय, ज्या घराण्यातली आपली बाजाराची पिशवी, त्याच घराण्यातले. फरक इतकाच की याचे रेणू अतिशय लांब असतात आणि धागा काढताना ते एका दिशेला ओढून सरळ केलेले असतात. ही युक्ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीच्या संशोधकांनी शोधली. वजनाशी तुलना केली तर असा धागा पोलादाच्या कित्येक पट बळकट भरतो. १९९० च्या दशकात तो गळाला लागला आणि नंतर हळूहळू आपल्याकडे पोहोचला.

आता आकडे पाहा. नऊ किलो वजन पेलणारा तंगूस साधारण ०.४० मिलिमीटर जाड असतो. तेवढंच वजन पेलणारा विणलेला दोरा जेमतेम ०.२३ मिलिमीटर. बारीक म्हणजे वाऱ्याला कमी अडतो, लांब जातो, रिळावर जास्त मावतो. एवढं ऐकलं की वाद संपला असं वाटतं. पण दोरा नुसत्या बळावर निवडायचा नसतो. तो कोणत्या पाण्यात पडणार आहे, ते आधी पाहायचं असतं.

हल्ली मोबाइलवर अमेरिकेतल्या बास माशाच्या चित्रफिती सगळे पाहतात. मोठ्या तोंडाचा बास पाणवनस्पतींच्या गर्दीत दबा धरून बसतो, रबरी बेडूक वरून सरकला की झडप घालतो आणि गळवाला त्याला विणलेल्या दोऱ्याने गवतासकट बाहेर खेचतो. हा बास आपल्या नद्या-तळ्यांत नाही. पण त्याचंच काम आपल्याकडे मरळ करते. गावतळी, पाझर तलाव, भातखाचरांच्या कडेचे डबरे, जिथे कमळं, शेवाळ आणि लव्हाळ्याची दाटी, तिथे मरळ असतेच. ती हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे इतर माशांचा जीव गुदमरेल अशा गढूळ, उथळ पाण्यातही ती मजेत राहते.

मरळीसाठी विणलेला दोरा खरोखरच चांगला. त्याची कारणं तीन. पहिलं, तो पाण्यापेक्षा हलका आहे, तरंगतो. नायलॉन पाण्यापेक्षा जड, सावकाश बुडतं आणि वरून चालवलेल्या बेडकाचं नाक खाली ओढतं. दुसरं, तो जवळजवळ ताणतच नाही. मरळीचा जबडा हाडाचा. वीस-पंचवीस मीटरवर तिने बेडूक धरला आणि आपण झटका दिला, तर तो झटका गळाच्या टोकापर्यंत पोहोचायला हवा. तंगूस तुटण्याआधी स्वतःच्या लांबीच्या पाव हिश्श्यापर्यंत ताणतो. आपला निम्मा झटका त्या ताणातच जिरतो. तिसरं कारण गवताचं. बारीक, घट्ट विणीचा दोरा शेवाळाचे देठ कापत येतो, तर जाड तंगूस त्यांत गुंतून बसतो.

आता याच दोऱ्याने भातसा धरणाच्या पाण्यात गळ टाकून पाहा. (टाकण्यापूर्वी परवानगी विचारावी, धरणांतली मासेमारी सहसा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. तानसा तर अभयारण्यातलं पाणी, तिथे गळाचा विचारच नको.) मुंबई-ठाण्याच्या नळाला जाणारं हे पाणी वरून आरशासारखं दिसतं. पण खाली काय आहे? एप्रिल-मे महिन्यात पाणी उतरलं की ते उघडं पडतं. बुडालेल्या शेतांचे बांध, झाडांचे बुंधे आणि सगळीकडे आपला काळा, खरबरीत कातळ. मुरबाडकडे काळू नदीच्या डोहांतही तीच तऱ्हा. विणलेला दोरा अशा दगडाला ताणलेला घासला की त्याचे केसासारखे पेड एकेक करून तुटत जातात. वरून दोरा शाबूत दिसतो, नख फिरवलं तर लव उभी राहिलेली जाणवते. जाड तंगूस अशा ठिकाणी जास्त तग धरतो, आणि घासला गेला की त्यावरचा पांढरा ओरखडा डोळ्यांना दिसतो. शिवाय पावसाचा गाळ खाली बसून दिवाळीनंतर पाणी निवळतं, तेव्हा विणलेला हिरवा-पिवळा दोरा माशालाही दिसतो. पारदर्शक तंगूस सहज दिसत नाही. तळाशी आमिष ठेवून शिंगाड्याची किंवा रोहूची वाट पाहायची असेल, तर तंगुसाचा ताण उपयोगीच पडतो. मोठ्या माशाचा पहिला हिसका तो सोसून घेतो.

आणि ज्यांच्याकडे रॉड-रीळ काहीच नाही त्यांचं काय? आमच्याकडचे बरेच कातकरी आणि ठाकर भाऊ गळ टाकतात ते रविवारची हौस म्हणून नव्हे, संध्याकाळच्या कालवणासाठी. दोरा गुंडाळलेला असतो प्लॅस्टिकच्या बाटलीला नाहीतर काठीच्या तुकड्याला, आणि मासा ओढायचा तो हाताने. अशा हाताला विणलेला दोरा देऊ नये. दोन-अडीच किलोच्या माशाने हिसका दिला, तर तो बोटात सुरीसारखा शिरतो. शहरातली काही मंडळी जाताना उरलेलं रीळ कौतुकाने पाड्यावरच्या मुलाला देतात. भावना चांगली, पण द्यायचाच तर जाड तंगूस द्या.

आता मी ज्या मुद्द्याला सगळ्यात महत्त्वाचा मानतो त्याकडे येतो. दोरा कधी ना कधी तुटणारच. प्रश्न आहे, कुठे तुटणार? चौदा किलोचा विणलेला दोरा थेट गळाला बांधला आणि गळ बुंध्यात अडकला, तर तो ओढून तुटत नाही. शेवटी माणूस वैतागून हाताजवळ चाकू लावतो. म्हणजे तीस-चाळीस मीटर दोरा धरणात. हा दोरा कुजत नाही. नायलॉनही कुजत नाही. तंगूस सहाशे वर्षं टिकतो असं जागोजागी छापलेलं असतं. तो अंदाज आहे, कारण नायलॉनलाच अजून शंभर वर्षं झालेली नाहीत. पण आपल्या आणि आपल्या नातवंडांच्या हयातीत तो तिथेच राहणार, एवढं पुरे. पाणकावळे पाण्याखाली पोहून मासे धरतात. बुंध्याला लोंबणाऱ्या अशा दोऱ्यात पाय किंवा पंख गुंतला, तर पक्षी वर येत नाही. संक्रांतीच्या नायलॉन मांजाने पक्षी कसे कापले जातात ते आपण पाहिलं आहे. त्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली. गळाच्या दोऱ्यावर बंदी नाही, त्यामुळे इथे काळजी आपणच घ्यायची.

उपाय साधा आहे. विणलेला दोरा वापरायचा असेल, तर गळ आणि दोरा यांच्यामध्ये दोन-तीन हात तंगूस बांधायचा, आणि तो मुख्य दोऱ्याहून स्पष्ट कमी ताकदीचा निवडायचा. मी मरळीसाठी तेरा-चौदा किलोच्या विणलेल्या दोऱ्याला नऊ किलोचा तंगूस लावतो. गळ अडकला तर दोरा हाताला नव्हे, एखाद्या काठीला गुंडाळून, तोंड बाजूला करून सरळ मागे ओढायचं. तुटतो तो तंगूस, विणलेला दोरा आख्खा परत येतो. मोठा मासा तोडून गेला तरी त्याच्या तोंडात गळ आणि फार तर थोडा तंगूस राहतो, मागे फरफटणारी लांबलचक शेपटी नाही. काळूच्या काठी एक म्हातारे कातकरी बाबा मला भेटले होते. ते जाड तंगुसाच्या टोकाला वीतभर बारीक तंगूस बांधत. कारण विचारलं तर म्हणाले, ‘गळ जाऊ दे, दोरी माझी ऱ्हायला हवी.’

एक गोष्ट मात्र कोणताही दोरा सांभाळत नाही. पावसाळ्यात मरळीची जोडी पिल्लांची राखण करते. पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका एकदम वर येतो, खाली जातो, आणि आई-बाप त्याच्या खालीच असतात. त्या वेळी त्या बेडकावर तुटून पडतात ते भुकेने नव्हे, पिल्लांना वाचवायला. तेव्हा त्यांना धरणं फार सोपं असतं. ती धरली की पुंजका एका दिवसात इतर माशांच्या पोटात जातो. जून ते ऑगस्ट मी मरळीला गळ लावत नाही. वलगणीचे मासे धरायची आपली जुनी रीत मला ठाऊक आहे, पण त्या तळ्यात पुढच्या वर्षी मरळ हवी असेल, तर लाल पुंजका दिसल्यावर गळ गुंडाळावा.

थोडं गाठींविषयी. विणलेला दोरा गुळगुळीत असतो, तंगुसाला चालणारी साधी गाठ त्यावरून सरकते. दोरा दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून काढायचा, साधी सैल गाठ मारायची, उरलेल्या फासातून गळ ओवायचा आणि ओढायचं. ही पालोमार गाठ, दोन्ही दोऱ्यांना चालते. तंगुसाची गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करावी, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच दुबळं होतं. रिळावर आधी तंगुसाचे काही वेढे घेऊन मग विणलेला दोरा भरावा, म्हणजे तो रिळावर गरगर फिरत नाही आणि महागाचा दोरा कमी लागतो. तंगूस उन्हाने आणि पाण्याने थकतो, तो दर वर्षी बदलावा. उतरवलेला जुना तंगूस काठावर टाकू नये, कुंपणालाही बांधू नये. मी त्याचे बोटभर तुकडे करून घरच्या कचऱ्यात टाकतो. शंभर मीटरला पाऊण तास लागतो, पण तेवढ्यात रेडिओवरची गाणी ऐकून होतात.