गाडी खाली घासते म्हणून सेफ्टी लूप कापायचा का?

फोर्ड मस्टँगसारख्या गाडीत इंजिन पुढे असतं, पण ताकद मागच्या चाकांना जाते. ती पोचवतो मधला लांब, फिरणारा प्रोपेलर शाफ्ट. त्याचा पुढचा जॉइंट तुटला, तर टोक रस्त्यात रुतून गाडी उचलली जाऊ शकते किंवा फ्लोअर फाडून आत घुसू शकतं. म्हणून शाफ्टभोवती पोलादी कडं बसवतात. हाच सेफ्टी लूप.

अमेरिकेत ड्रॅग रेसिंगचे नियम ठरवणाऱ्या एनएचआरएनुसार हे कडं ३६० अंशांचं आणि पुढच्या जॉइंटपासून ६ इंचांच्या आत हवं. पट्टी असेल तर किमान पाव इंच जाड, २ इंच रुंद.

गाडी लो केली की हेच कडं स्पीड ब्रेकरला घासतं. मग काहीजण खालचा भाग कापतात किंवा पातळ पट्टी लावतात. पण तुटलेला शाफ्ट खालीच पडणार ना? त्याला झेलणारा भाग तोच!

मग करायचं काय? शाफ्टला सगळीकडून मोकळी जागा ठेवून कडं शक्य तितकं वर बसवा. तरीही घासलं, तर गाडीच थोडी उंच करा.