लघुशृंखला मेदाम्ले आणि सजीव

असेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही सर्वांत परिचित लघुशृंखला मेदाम्ले. त्यांत कार्बनचे अनुक्रमे दोन, तीन आणि चार अणू असतात. व्हिनेगरचा आंबटपणा पहिल्याचा, खवट लोण्याचा दर्प तिसऱ्याचा. प्राणवायूविना तंतुमय पदार्थ आंबवणारे जिवाणू ती तयार करतात.

गायीच्या कोठीपोटात हे काम अखंड चालते. गायीला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे 70 टक्के भाग या आम्लांतून येतो. चारा ती खाते, पण जगते प्रामुख्याने जिवाणूंनी केलेल्या आम्लांवर. असेटिक आम्लापासून दुधातील स्निग्धांश बनतो. प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज तयार करते आणि त्यासाठी ब-12 जीवनसत्त्व अत्यावश्यक असते. हे जीवनसत्त्व पोटातले जिवाणू बनवतात, मात्र त्यांना कोबाल्ट लागते. ऑस्ट्रेलियात काही कुरणांवर हिरवा चारा असूनही मेंढ्या खंगून मरत. कारण मातीतील कोबाल्टची उणीव, हे 1930 च्या दशकात उलगडले.

माणसात ही आम्ले मोठ्या आतड्यात तयार होतात. तिथल्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन ब्युटिरिक आम्ल हेच असते.

असेटिक आम्लापासून साखर घडवणे प्राण्यांना सहसा जमत नाही. अनेक जिवाणू, बुरशी आणि अंकुरणाऱ्या तेलबिया ग्लायऑक्सिलेट चक्राद्वारे ते साधतात. मिथेनजनक आर्किया त्याच आम्लाचे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये विघटन करतात. गोबरगॅसमधील बराचसा मिथेन असाच तयार होतो.