पुन्हा प्रयत्न करण्याचे शास्त्र

‘प्रयत्नांती परमेश्वर’ ही म्हण तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. एकदा अपयश आले, तर पुन्हा प्रयत्न करावा, हे खरेच. पण संगणकाच्या जगात या म्हणीला एक पुस्ती जोडावी लागते : पुन्हा प्रयत्न करा, पण थोडे थांबून! किती थांबावे यालाही नियम आहेत. ते पाळले नाहीत, तर प्रयत्नांनीच काम बिघडते. कसे, ते पाहू.

संगणकाची आज्ञावली पुष्कळदा दूरच्या एखाद्या संगणकाकडे माहिती मागते. ही मागणी कधीकधी फसते. फसण्याचे प्रकार मात्र दोन. समजा, तुम्ही वाचनालयात एक पुस्तक मागितले. ग्रंथपाल म्हणाले, “हे पुस्तक आमच्याकडे नाहीच.” मग पुन्हा पुन्हा विचारून काय उपयोग? पण ते म्हणाले, “आत्ता फार गर्दी आहे, जरा वेळाने ये,” तर पुन्हा जाणे शहाणपणाचे. वेबवरील संगणकही अशीच उत्तरे देतात, पण आकड्यांत. ४०४ म्हणजे ‘मागितलेली वस्तू येथे सापडली नाही’. ५०३ म्हणजे ‘सध्या सेवा देता येत नाही’. पहिली अडचण बहुधा कायमची, दुसरी तात्पुरती. पुन्हा प्रयत्न करायचा तो दुसऱ्या प्रकारात.

बरे, तो ताबडतोब केला तर? वर्गातला एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. दोन मुले एकाच वेळी बोलू लागतात. कोणाचेच नीट ऐकू येत नाही, म्हणून दोघेही थांबतात. क्षणभराने दोघेही पुन्हा एकदमच सुरू करतात! दोघे अगदी सारखाच वेळ थांबत राहिले, तर हा घोळ कधीच संपणार नाही.

हीच अडचण हवाई बेटांवरील शास्त्रज्ञांपुढे होती. तेथील विद्यापीठात प्रा. नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली ‘ॲलोहानेट’ हे जाळे सुरू केले. त्यात संदेश तारेने नव्हे, तर रेडिओलहरींनी जात. दोन ठिकाणांहून एकाच वेळी संदेश निघाले की त्यांची टक्कर होई व दोन्ही वाया जात. संदेशाची पोच आली नाही, म्हणजे तो पोचला नाही असे समजून पुन्हा पाठवायचा; पण मध्ये किती थांबायचे, ते प्रत्येकाने नशिबावर सोडायचे, चिठ्ठी उचलावी तसे. दोघांच्या चिठ्ठ्या वेगळ्या निघाल्या की टक्कर टळते.

अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ पासून रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी ‘इथरनेट’ विकसित केले. पुढे त्याच्या मानकात जो नियम आला, तो असा : पहिल्या टकरीनंतर ० व १ यांतून एक आकडा निवडा, दुसऱ्या टकरीनंतर ० ते ३ यांतून, तिसऱ्या टकरीनंतर ० ते ७ यांतून. दर वेळी चिठ्ठ्या दुप्पट. जो आकडा येईल तितके कालखंड थांबा. सेकंदाला एक कोटी बिट वाहून नेणाऱ्या इथरनेटमध्ये हा कालखंड ५१.२ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढा असे. दहाव्या टकरीनंतर चिठ्ठ्या वाढवणे थांबते. तेव्हा त्या ० ते १०२३ असतात. आणि १६ प्रयत्न फसले, की संगणक हार मानून तसे कळवतो.

हिशेब करून पाहा. दोनच संगणक असतील, तर दुसऱ्या वेळी टक्कर होण्याची शक्यता १/२, तिसऱ्या वेळी १/४, चौथ्या वेळी १/८. तिन्ही वेळा सलग टक्कर होण्याची शक्यता यांचा गुणाकार, म्हणजे केवळ १/६४! गर्दी जास्त असेल तर टकरी जास्त होतात, आणि टकरी झाल्या की प्रत्येक जण आपोआप जास्त थांबतो. गर्दी किती आहे हे कोणी सांगावेच लागत नाही.

हे तारतम्य नसेल तर काय होते, ते ऑक्टोबर १९८६ मध्ये दिसले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा व बर्कले विद्यापीठ यांच्यात अंतर अवघे ४०० यार्ड. त्यांच्यामधील संदेशांचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. इंग्रजी अक्षराला ८ बिट धरले, तर सेकंदाला ४,००० अक्षरांऐवजी फक्त पाच! यंत्रे बिघडली नव्हती. वाटेत गर्दी झाल्याने पोच उशिरा येई, पाठवणारे संगणक संदेश हरवला असे समजून तोच पुन्हा पाठवत, आणि त्या प्रतींनी गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरल्स यांच्यासह यावर उपाय शोधला व १९८८ साली तो प्रसिद्ध केला. पोच यायला किती वेळ लागतो याचा नीट अंदाज घ्या, संदेश हरवले की वेग कमी करा आणि मग हळूहळू वाढवा, हे त्याचे सार.

आणखी एक धोका ध्यानात ठेवा. ‘खात्यातील शिल्लक दाखवा’ ही मागणी दहा वेळा केली तरी बिघडत नाही. पण ‘५०० रुपये पाठवा’ ही मागणी? समजा, पैसे गेले. फक्त पोच वाटेत हरवली. आज्ञावलीने मागणी पुन्हा केली, तर पैसे दोनदा जातील! म्हणून अशा मागणीला एक खास क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आला, की बँकेचा संगणक ओळखतो : हे काम झालेले आहे, फक्त पोच पाठवायची.

आजच्या इथरनेटमध्ये स्विच नावाच्या यंत्रामुळे सहसा टकरी होत नाहीत. पण दुप्पट चिठ्ठ्यांचा नियम वायफायमध्ये आणि असंख्य आज्ञावलींमध्ये आजही राबतो आहे.

आता एक प्रयोग करा. वर्गातील पाच जणांना ० ते ३ या चिठ्ठ्यांचा एकेक संच द्या व प्रत्येकाला आपल्या संचातून एक चिठ्ठी उचलू द्या. कितीजणांचे आकडे जुळले? मग ० ते ७ या चिठ्ठ्या घ्या. दोन्ही प्रकार वीस-वीस वेळा करून नोंद ठेवा. पहिल्या प्रकारात निदान दोघांचे तरी आकडे दर वेळी जुळणारच. असे का, ते तुम्हीच शोधून काढा!