पुलगावचा मे महिना आणि डब्यातला कंडेन्सर
आवाजाची यंत्रं : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण डॅक चिपची ओळख करून घेतली. आकड्यांत साठवलेलं संगीत विजेच्या लहरींत बदलणारी ही चिप जाहिरातींत सर्वांत जास्त मिरवते. मात्र यंत्र पंधरा वर्षांनीही तितकंच स्वच्छ वाजेल की नाही, हे बऱ्याच अंशी वीजपुरवठ्याच्या भागावर ठरतं. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावसारख्या तापत्या गावात तर हा भाग आधी पाहावा.

घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. ती एकदिश केली की सेकंदाला १०० उसळ्या उरतात. नळाला दोनच वेळा पाणी आलं तरी टाकीमुळे दिवसभर धार मिळते, तसंच इथे कंडेन्सर भरतो आणि उसळ्यांमधले खड्डे बुजवतो. या कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची गुंडाळी असते आणि मधल्या कागदात द्रव मुरवलेला असतो. उष्णतेने हा द्रव हळूहळू उडून जातो, आतला रोध वाढतो आणि उसळ्या पुढे सरकू लागतात. अखेर स्पीकरमधून बारीक घुमघुम ऐकू येते.

कंडेन्सरच्या अंगावर ८५ किंवा १०५ अंश असं छापलेलं असतं. समजा, दोन्ही प्रकारांचं आयुष्य आपापल्या कमाल तापमानाला २००० तास आहे. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बंद खोलीत, बंद डब्यात ६५ अंश सहज होतात. तिथे ८५ अंशांचा कंडेन्सर सुमारे ८००० तास टिकेल, तर १०५ अंशांचा ३२,००० तास. किमतीतला फरक मात्र यंत्राच्या मानाने किरकोळ असतो.

ही उष्णता डब्यातही तयार होते. व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला ९ व्होल्ट देऊन ५ व्होल्ट घेतले आणि अर्धा अँपिअर प्रवाह वाहिला, तर २ वॅट निव्वळ उष्णता होऊन जातात. म्हणून जाणता रचनाकार रेग्युलेटर धातूच्या डब्याला टेकवून बसवतो, कंडेन्सर त्याच्यापासून लांब ठेवतो आणि हवेला वाट देतो. जिथून प्रत्यक्ष संगीत जातं तिथे शक्य असेल तर तो फिल्म कंडेन्सर घालतो. तो आकाराने मोठा असतो, पण त्यात वाळून जायला द्रवच नसतो.

महागडं यंत्र घेताना दुकानदाराकडे आतला फोटो मागा. कंडेन्सरवरचा आकडा वाचा, तो कशाशेजारी बसवलाय ते बघा. घरी आणल्यावर यंत्र कपाटात कोंबू नका आणि त्यावर दुसरं यंत्र रचू नका. चिपचं नाव त्यानंतर विचारलं तरी चालेल.

पुढच्या आठवड्यात घड्याळाचा स्फटिक पाहू. चांगल्या डॅकमध्ये २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे दोन वेगळे स्फटिक का लागतात, त्याचं गणित मांडू.