एका चौकटीत एक अक्षर

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला आपण हसतो. मग पुण्यात बसून तंजावर, शांतिनिकेतन, लाहोर आणि थेट अमेरिकेतल्या पंडितांकडून एकच ग्रंथ सिद्ध करून घ्यायचा, या खटाटोपाला काय म्हणावे? महाभारताची चिकित्सक आवृत्ती मात्र अशीच झाली.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हे काम आरंभले. पोथ्या काश्मीरपासून केरळपर्यंत विखुरलेल्या. एक शारदा लिपीत, दुसरी बंगालीत, तिसरी मल्याळममध्ये. सगळ्या लिप्या जाणणारा शास्त्री आणायचा कुठून? तेव्हा दक्षिणी पोथ्या तंजावरला आणि बंगाली पोथ्या शांतिनिकेतनला ताडून पाहण्याची सोय केली गेली.

खरी गंमत होती तक्त्यात. चौकटी आखलेला कागद; माथ्यावर प्रचलित श्लोक, एका चौकटीत एक अक्षर. त्याखाली प्रत्येक पोथीला एक ओळ. पोथीत जिथे निराळे अक्षर दिसेल, तिथे ते त्याच चौकटीत भरायचे. आपले पांडित्य मध्ये आणायचे नाही! त्यामुळे दूरदेशीच्या, एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांची नोंद अक्षराखाली अक्षर अशी जुळत गेली.

१९२५ पासून प्रमुख संपादक होते विष्णु सीताराम सुखटणकर. जन्म मुंबईचा, शिक्षण केंब्रिजला, तेही गणिताचे. एकेक पर्व वेगवेगळ्या विद्वानांकडे गेले : विराटपर्व लाहोरच्या रघुवीरांकडे, उद्योगपर्व ढाक्याच्या सुशीलकुमार डे यांच्याकडे, सभापर्व येल विद्यापीठाच्या एजर्टन यांच्याकडे. आणि अश्वत्थाम्याच्या त्या भयंकर रात्रीचे सौप्तिकपर्व? गिरगावकरांनी मान ताठ करावी : चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजातले ह. दा. वेलणकर!

आता लालबागकरांना थोडे दुखेल असे. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतो आहे, ही आपली लाडकी कथा मुख्य संहितेत राहिली नाही. जुन्या परंपरेच्या पोथ्यांत ती नव्हती. पण ती फेकून दिलेली नाही, परिशिष्टात आहे. गाळलेला प्रत्येक पाठ कुठेतरी छापलेला आहेच. जिथे संपादकाचीच खात्री नाही, त्या शब्दांखाली नागमोडी रेघ ओढली आहे. ज्याला निकाल पटत नाही त्याने पुरावा पाहून भांडावे, अशी ही मोकळी व्यवस्था. मला तर सगळ्या आवृत्तीत ती रेघच अधिक मोलाची वाटते.

१९४३ च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठातर्फे सुखटणकरांची महाभारतावर चार व्याख्याने ठरली होती. तीन झाली. चौथे व्हायच्या आधीच, २१ जानेवारीला, ते गेले. लिहून ठेवलेली ती व्याख्याने एशियाटिक सोसायटीने १९५७ साली छापली. इकडे तक्ते कुणालाही वाचता येतील असे तयार होते. पुढे श्री. कृ. बेलवलकर आणि त्यांच्यानंतर प. ल. वैद्य यांनी सूत्रे घेतली आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते पुण्यात पूर्णतेचा समारंभ झाला.